एक दिवसाचा फ्रीज

आमच्या वस्तीत मुलगी पाहायला पाहुणे येणार असले, की आदल्या दिवसापासून घराघरातलं सामान चालायला लागायचं. कोणाकडून दिवाणावरची चादर, कोणाकडून काचेचे ग्लास, कोणाचा टेबलफॅन. मागणारीला लाज नव्हती आणि देणारीची कुरकुर नव्हती, कारण आज ना उद्या प्रत्येकीच्या घरी पाहुणे यायचेच होते. गुलाबाची फुलं असलेला एक बशीसेट इतक्या घरांतून फिरला होता, की त्याची मूळ मालकीण कोण हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यानं लग्नं जास्त जमवली की त्यातल्या बशा जास्त फुटल्या, यावर बायका नळावर भांडायच्या. पाहुण्यांनाही हे सगळं ठाऊक असायचं. त्यांच्या पोरींच्या वेळी त्यांनीही हेच केलेलं असायचं. तरी कोणी विचारत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कोणी कोणाची उघडायची नाही, असा तो रिवाज होता.

माझ्या वेळी आईनं कहर केला. तिनं शेजारच्या चाचीचा फ्रीज आणला.

चाचीचं घर आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत. चाचा आठवडी बाजारात बांगड्या विकायचे आणि चाची ब्लाऊज शिवायची. त्या शिलाईच्या कमाईतून तिनं लाल रंगाचा छोटा फ्रीज घेतला होता. आई मागायला गेली तेव्हा चाची म्हणाली, "ले जा ना बहन. एक दिवस तुमच्याकडं राहिला त काय झिजते का तो?" नांदगाव खंडेश्वरहून माझा मामा आला होता. त्यानं आणि चाचांनी मिळून फ्रीज उचलून आणला. पण त्याची वायर आमच्या बोर्डापर्यंत पोचेना. मग तो दाराजवळच्या कोपऱ्यात बंदच उभा केला, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. मी म्हटलं, आई, यात काहीच नाही, कोणी उघडला तर? आई म्हणाली, "सोयरे लोक दुसऱ्याचा फ्रीज उघडत नाईत."

घर कसं होतं तेही सांगायला हवं. अमरावतीत नाल्याच्या काठी दोन खोल्या, कमरेपर्यंत विटा, वर टिन. माझ्या जन्माच्या आधी आईवडील गावाकडून इथे आले, वडिलांनी हातानं त्या विटा रचल्या, आणि मी दहावीत असताना ते गेले. त्यानंतर आईनं डबे सुरू केले. पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं या शहरात ढिगानं येतात, आणि त्यांना आईच्या हातचा वांग्याचा रस्सा फार आवडायचा. मे महिन्यात वऱ्हाडातलं ऊन टिनावर पडतं तेव्हा खाली काय होतं, ते टिनाखाली राहिलेल्यालाच कळेल. त्यात दोन शेगड्या पेटलेल्या. आई पोळ्या लाटता लाटता पदर ओला करून डोक्यावर घ्यायची, आणि तो पोळ्या संपायच्या आत वाळायचा. तिला बाकी काही नको होतं. डोक्यावर स्लॅब हवा होता. देवाला मानत नसलेली माझी आई स्लॅबच्या बाबतीत मात्र नवस बोलायची तेवढी राहिली होती.

जागा नझुलाची, म्हणजे सरकारची. आमच्याकडे विजेचं मीटर होतं, नळ होता, मतदान होतं. महापालिका आमच्याकडून घरटॅक्स घ्यायची आणि घर आहे असं मात्र मानायची नाही. जागा नावावर असल्याचा कागद, म्हणजे पट्टा, तेवढा नव्हता. तो दर निवडणुकीला मिळणार असायचा. त्या वर्षांत तर निवडणूकही होत नव्हती. नगरसेवकांची मुदत संपून गेली होती आणि कारभार प्रशासक पाहत होते. आमचे माजी नगरसेवक विहाराच्या कट्ट्यावर भेटले की म्हणायचे, आता माझ्या हातात काही नाही. आई म्हणायची, हातात होतं तेव्हाही हा माणूस हेच म्हणायचा.

आणि मी काय करत होते, तर फ्लॅट दाखवत होते. बीए झाल्यावर मला नाल्यापलीकडच्या एका मोठ्या स्कीमच्या ऑफिसात काम लागलं. सॅम्पल फ्लॅट नावाचा एक फ्लॅट सजवून ठेवलेला होता, तिथे आलेल्या गिऱ्हाइकाला फिरवायचं. टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं, भिंतीवर टीव्ही म्हणून काळा पुठ्ठा, कपाटात पुस्तकांची नुसती कव्हरं, आत पानं नाहीत. मी हसून म्हणायची, इथे तुमचं देवघर होईल, इथे मुलांची स्टडी. दुपारी डबा खायला घरी जायची ती टिनाखाली.

त्या नोकरीनं मला शहर कळलं. मला वाटायचं घरं राहण्यासाठी विकत घेतात. तिथे पाहिलं, महामार्गात जमीन गेलेले एक गृहस्थ आले आणि भाजी घ्यावी तसे दोन फ्लॅट घेऊन गेले. एका डॉक्टरांनी तीन घेतले आणि तिन्हींना कुलूप लावलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, पडून राहू दे, भाव वाढतो. आणि शाळेत कंत्राटावर शिकवणारं एखादं जोडपं यायचं. ते सगळ्यात जास्त वेळ थांबायचे. नवरा खिडकी उघडून वारा कुठून येतो बघायचा. बायको स्वयंपाकाच्या ओट्यावरून हात फिरवायची. मग मी भाव सांगितला की दोघं एकमेकांकडे न बघता म्हणायचे, विचार करून कळवतो. ते कधीच कळवायचे नाहीत. संध्याकाळी आमच्या दारातून ती इमारत दिसायची. विकून संपलेल्या त्या इमारतीत दिवे मोजकेच लागायचे. नाला दोन्ही बाजूंनी अरुंद झाला होता. आमच्या बाजूला त्याला अतिक्रमण म्हणत, त्यांच्या बाजूला संरक्षक भिंत म्हणत. मला याचा फार संताप यायचा, पण पगारही तिथूनच यायचा.

घरकुलाचं सर्वेक्षण होणार, ही हवा तेव्हा वस्तीत बरेच दिवस फिरत होती. कोणाला घर मिळणार आणि कोणाला नाही, याचे नियम कोणालाच नीट माहीत नव्हते, आणि म्हणूनच सगळ्यांना पक्के माहीत होते. गाडी दिसली की नाव कटते. फ्रीज दिसला की कटते. पलीकडच्या वस्तीत सर्वेक्षणवाले आल्याचं कळलं, तर आमच्याकडच्या लोकांनी मोटरसायकली भावाच्या, मेव्हण्याच्या घरी नेऊन लावल्या. एकानं कूलर गोधडीनं झाकून त्यावर आजीला बसवलं. म्हणजे आम्हाला दोन्ही विद्या येत होत्या. पाहुण्यांसाठी मांडायचं आणि सरकारसाठी लपवायचं. फक्त दोघं एका वेळी येतील असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते आमच्याकडे आले. रविवारचा दिवस होता. अकोल्याहून मुलगा, त्याची आई आणि काका असे तिघं आले होते. मुलगा एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायचा. त्याची आई अंगणवाडी सेविका होती, तिची नजर घरात शिरताच चारी कोपरे फिरून आली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, ठेवला, बसले. काकांनी घसा साफ केला. तेवढ्यात दारात आवाज आला, "घरात कोण आहे? सर्वेक्षण."

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, हातात मोबाईल घेतलेला एक तरुण उभा होता. घामानं निथळत होता. आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मामा उठून दाराशी गेला.

"भाऊ, आज पाहुणे हायत घरी. उद्या याना."

"काका, उद्या मले दुसरा वार्ड हाय. आजचं राहिलं त राहिलंच समजा."

मग तो दारातूनच विचारायला लागला आणि आई उत्तरं द्यायला लागली. छत? टिन. संडास? आहे. गाडी? नाही. कमावणारं कोण? पाहुणे पोहे खात ऐकत होते. आमच्या घराचं सगळं वस्त्रहरण त्यांच्यासमोर चाललं होतं, पण ते चालून गेलं असतं. गरिबी त्यांना नवी नव्हती. मग सर्वेक्षणाच्या मुलानं फोटो काढायला मोबाईल वर धरला आणि त्याला फ्रीज दिसला.

"फ्रीज हाय का तुमच्याकडं?"

मुलाच्या आईचा चमचा बशीत थांबला. मला डोळ्यांसमोर आईचा तो पोळ्या लाटतानाचा ओला पदर दिसत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तो आमचा नाही. शेजारच्या चाचीचा आहे. आजच्यापुरता आणलाय."

असं पाहुण्यांसमोर कोणी बोललेलं मी माझ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. मामानं मान खाली घातली. अकोल्याचे काका भिंतीकडे बघायला लागले. आणि आई हसली. छान, मोकळं हसली.

"मस्करी करते जी आमची पोट्टी. कोणाचा राहीन? आमचाच हाय फ्रीज."

सर्वेक्षणाच्या मुलानं आईकडे पाहिलं, मग आत बसलेल्या लोकांकडे, मग माझ्या साडीकडे. त्याच्या सगळं लक्षात आलं असावं. तो मऊ आवाजात म्हणाला, "काकू, नीट विचार करून सांगा. मी एकडाव लिवलं की मग मले बदलता येत नाई. फ्रीज तुमचाच लिवू?"

"लिवा."

त्यानं लिहिलं. फोटो काढला. त्या फोटोत फ्रीज आला, रुमाल आला, प्लास्टिकची फुलं आली. आईनं त्याला पोहे दिले, ते त्यानं उभ्याउभ्या खाल्ले, माठातलं पाणी प्यायला आणि तो चाचीकडे गेला. चाचीच्या घरात फ्रीजच्या जागी फरशीवर नुसता स्वच्छ चौकोन होता. तिथे त्यानं फ्रीज नाही असं लिहिलं.

आत काकांनी मला विचारलं, "मग बेटा, शिक्षण कुठवर झालं?"

पाहुणे गेल्यावर मी आईवर तुटून पडले.

"काहून खोटं बोलली? मी खरं सांगितलं होतं न!"

"तुले काय गरज होती मधात तोंड घालाची? पाहुण्यायसमोर सांगते, फ्रीज उसना आणला म्हणून."

"त्याहिले माहीत असते आई. सगळ्याहिले माहीत असते."

"माहीत असणं येगळं, आपल्या तोंडानं सांगणं येगळं. उठून गेले असते ते."

"अन् घर?"

आईनं पाहुण्यांच्या बशा गोळा केल्या. मग म्हणाली, "घर काय, आज नाई त उद्या होईन. पोरीचं वय थांबते का?"

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं दोन्हींची परीक्षा एकाच दुपारी, एकाच प्रश्नात द्यायची वेळ येईल असं काही धरलं नसणार. मी रागानं फणफणत होते. पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या खाली मला कुठेतरी बरंही वाटत होतं, की स्लॅब आणि मी यांत आईनं मला निवडलं. आणि मग बरं वाटल्याचा पुन्हा राग येत होता.

अकोल्याहून होकार आला. सासू आजही मला चिडवते, "मी त फ्रीज पाहून हो म्हटलं बापा. नंतर समजलं का पाणी माठातलं होतं." मी एकदा तिला सरळ विचारलं, की तुम्हाला खरंच तेव्हा कळलं नव्हतं का. ती म्हणाली, फ्रीजची वायर मागं गुंडाळलेली होती, ते मी बसायच्या आधीच पाहिलं होतं.

लग्नानंतर काही महिन्यांनी यादी लागली. चाचीचं नाव होतं. आमचं नव्हतं.

चाची धावत आईकडे आली होती म्हणे. रडत म्हणाली, "बहन, मेरे मुए फ्रीजनं तुमचं घर खाल्लं." आईनं तिलाच समजावलं. त्यानंतर चाची रोज दुपारी थंड पाण्याची बाटली आईला पाठवायची. आई ती घ्यायची, नाही म्हणायची नाही, पण ते पाणी पिण्याच्या माठात न ओतता हात धुवायच्या बादलीत ओतायची. दोघींचं बोलणं बंद झालं नाही, पण पहिल्यासारखं राहिलंही नाही. चाचीनं नातेवाइकांना फोन करून घर मिळाल्याचं सांगून टाकलं होतं आणि कोणत्या रंगाच्या फरश्या घ्यायच्या हे ती आईला विचारायची. आई सांगायची, "हिरव्या नको, मळ दिसते."

मला फोनवर आई एकच वाक्य म्हणायची. उन्हाळा वाढला की म्हणायची, पावसात टिन गळलं की म्हणायची, डब्याचं पोरगं भांडून गेलं तरी म्हणायची: "माह्या तोंडानं घर गेलं." पाहुण्यांसमोर हसून हसून बोललेली ती बाई दुसऱ्या कोणासमोर हे बोलत नव्हती, फक्त माझ्यासमोर. मी म्हणायची, सोड आता. ती म्हणायची, हाव. आणि पुढच्या फोनला पुन्हा तेच. तिची झोप कमी झाली होती. मी माझ्या संसारात, तिनं स्लॅब देऊन घेतलेल्या संसारात, बसून ते ऐकत होते.

संसारही भाड्याच्या घरात होता. अकोल्यात आम्ही पहिलं घर शोधत होतो तेव्हा लोक दार उघडून आधी आडनाव विचारायचे आणि मग खोली कालच गेली असं सांगायचे. खोली दुसऱ्या दिवशीही रिकामी दिसायची. जी मिळाली तिचा मालक दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवायचा आणि वर म्हणायचा, परवडत नसेल तर बघा. माझा नवरा शांत माणूस आहे. तो म्हणायचा, बघू. मला शांत राहता येत नाही. एवढ्या कुलूपबंद फ्लॅटांच्या किल्ल्या माझ्या हातांतून गेल्या होत्या, की घरं कमी आहेत यावर माझा विश्वासच राहिला नव्हता. घरं भरपूर आहेत. ती ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे फार आहेत, एवढंच.

शेवटी मी आईच्या नावानं हरकतीचा अर्ज केला. तो दोनदा हरवला. तिसऱ्यांदा मी स्वतः महापालिकेत जाऊन बसले आणि टेबलावरच्या बाईला म्हटलं, शिक्का मारेपर्यंत मी उठत नाही. पुष्कळ दिवसांनी आईला फोन आला, साहेब पाहणीला येणार आहेत. मी आईला बजावलं, हे बघ, या वेळी काही करायचं नाही. सारवायचं नाही, आवरायचं नाही, चहा द्यायचा नाही. जसं आहे तसं दिसू दे. गरीब आहोत तर गरीब दिसू. आई म्हणाली, "हाव."

पाहणीच्या दिवशी मी सकाळची बस धरली. मूर्तिजापूरला बस अर्धा तास थांबून राहिली आणि माझा जीव वरखाली होत होता, साहेब माझ्या आधी पोचतात की काय. घरी पोचले आणि दारातच कपाळावर हात मारून घेतला. अंगण झाडून पाणी मारलेलं. भिंतीला ताजा चुना. दिवाणावर धुतलेली चादर. आई न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून, कांदे चिरत होती.

"आई, काय सांगितलं होतं मी तुला?"

"उसनं काई नाई आणलं," आई म्हणाली. "सगळं आपलंच हाय. पण येणाऱ्या माणसाले घाणीत बसवू का?"

दुपारी साहेब आले. निवृत्तीला टेकलेले, जाडजूड, थकलेले. हातात फाईल. दिवाणावर बसले, टिनाकडे पाहिलं, रुमालानं मान पुसली. आईनं पोहे दिले आणि ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी काही बोलायच्या आत तिनं सुरू केलं. तिनं ते पाठ केलेलं होतं, हे मला दुसऱ्या वाक्याला कळलं.

"साहेब, त्या दिवशी पोरीले पाह्यले सोयरे आलते. फ्रीज शेजारणीचा होता. पोरगी खरं बोलली होती, मी खोटं बोलली. तो पोरगा मले दोनदा विचारे, तरी मी खोटं बोलली. तुमी लिवा, बाई खोटं बोलली म्हणून लिवा. मी अंगठा नाई, सही करते."

माझी आई कोणासमोर असं वाकलेली मी पाहिली नव्हती. डबे थकवणाऱ्या पोरांच्या बापांना फोनवर झापणारी बाई ती. तिचे हात पदराखाली एकमेकांत घट्ट होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

साहेबांनी बशी बाजूला ठेवली. फाईल उघडली, एक पान उलटलं, पुन्हा मिटली.

"काकू, फ्रीजचं काही नव्हतं हो," ते म्हणाले. "तुमची पूर्ण वस्ती नझुलात आहे. घरकुलाला जागा स्वतःच्या नावावर लागते. तुमच्याकडे कोणाकडेच पट्टा नाही. मंजुरीत ही सगळी वस्तीच बाहेर पडली."

"पण यादीत नावं आली होती," मी म्हटलं. "शेजारच्या चाचीचं आहे."

"ती सर्वेक्षणाची यादी, ताई. मंजुरी वेगळी. यादीतल्यांनाही नाही मिळणार."

"मग सर्वेक्षण काहून केलं?"

"वरून आदेश होता."

"पट्टा कोण देणार?"

"तो महसूलचा विषय. आमच्याकडे येत नाही."

"मग आज तुमी कशाले आले?" मी विचारलं.

ते जरा दुखावल्यासारखे झाले. "तुमची हरकत होती ना. हरकत आली की जागेवर येऊन पाहावंच लागतं."

मी अजून काही म्हणणार होते, पण आईनं मला हातानं थांबवलं. ती पुढे सरकली आणि अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "म्हणजे साहेब, त्या दिवशी मी फ्रीज आमचा नाई असं म्हटलं असतं, तरी?"

"तरी हेच झालं असतं. तुम्ही काहीही म्हटलं असतं तरी."

आई भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. मी पाणी आणायला वळले तर मागून हसण्याचा आवाज आला. पाहुण्यांसमोरचं ते हसणं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. मग उठली आणि साहेबांच्या बशीत आणखी पोहे वाढायला लागली. ते नको नको म्हणत होते, ती वाढत होती.

ते गेल्यावर मी ओरडले. "आई, तुला समजलं का तो माणूस काय बोलून गेला? घर मिळणार नाही. कधीच नाही. चाचीलाही नाही. कोणालाच नाही."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "पण माह्या तोंडानं नाई गेलं न ते."

एवढं बोलून ती दिवाणावर आडवी झाली. वर टिन तापलेलं होतं. आणि ती झोपली, लहान पोर झोपतं तशी, तोंड किंचित उघडं ठेवून.

मी शेजारी बसून होते. इतके दिवस त्या न मिळालेल्या घराचा सगळा दोष माझ्या आईनं एकटीनं वागवला होता. आज तो उतरला, पण तो घ्यायला पुढे कोणीच नव्हतं. फाईलवाले साहेब नाहीत, माजी नगरसेवक नाहीत, प्रशासक नाहीत. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. मला रडू येत होतं आणि तिला उठवून हलवावंसं वाटत होतं, की अगं, भांड, ही झोपायची वेळ नाही. भिंतीपलीकडे चाचीची शिलाई मशीन चालू होती. तिला अजून काही माहीत नव्हतं, आणि तिला ते सांगायचं काम आता आमच्याकडेच होतं.

डब्यांची वेळ झाली. मी आईला उठवलं नाही. कणीक भिजवली, शेगडी पेटवली, आणि पदर ओला करून डोक्यावर घेतला.